आईचं मत

आमच्या चाळीत त्या दिवसांत सरकारपक्षाच्या बाजूनं बोलणारं एकच घर होतं आणि ते नेमकं आमच्या शेजारचं. बाकीची सगळी चाळ, तळमजल्यावरच्या न्हाव्यापासून वरच्या मजल्यावरच्या भजनी मंडळापर्यंत, संयुक्त महाराष्ट्रवाली. सकाळी नळावर भांडण लागलं तरी दोन्ही बाजू मुंबईचीच शपथ घ्यायच्या. गॅलरीच्या कठड्यांना पताका, जिन्याच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा, आणि लहान पोरांचे खेळसुद्धा मोर्चाचे. एकानं पोलीस व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला दगड मारायचे. पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून खेळ बहुतेक वेळा सुरू होण्याआधीच मोडायचा.

या सगळ्या गलबल्याचं मुख्य ठाणं आमचं घर. बाबा गिरणीत साळखात्यात होते, मागावर. आवाज खणखणीत, वाचनाची आवड, त्यामुळे चाळीनं त्यांना न सांगताच पुढारी केलेलं. आणि आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले, बायकामुलं गावी असलेले दहाबारा गिरणी कामगार आमच्या बाहेरच्या खोलीत पाळीप्रमाणे जेवून जायचे. भोंगा झाला की जिन्यात पावलं वाजायची आणि आई तवा चढवायची. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, सोमवारी वालाची आमटी. माझं सगळं बालपण त्या वासात आणि परातीवर वाजणाऱ्या आईच्या काकणांच्या किणकिणाटात गेलं. जेवणं आटोपली की बाबा पेपर काढायचे आणि मोठ्यानं वाचायचे. जेवलेले लोक भिंतीला टेकून ऐकायचे. आई आतल्या खोलीत चुलीपाशी असायची, पण तिचा कान बाहेर असायचा. मधेच ती विचारायची, "म्हणजे मुंबय वेगळी ठेवतले, तर गिरण्यो कोणाच्यो?" प्रश्न सगळ्यांच्याच मनातला असायचा. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "तू भात वाढ."

मला तेव्हा त्यात काही खटकायचं नाही. सगळ्याच घरांत पुरुष असेच बोलायचे.

आमच्या खानावळीत गणू सावंत म्हणून एक जण जेवायचा. पंचविशीचा, अबोल, पण आईच्या हातच्या पिठीचा मोठा भोक्ता. मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्या दिवशी तो पाळी सुटल्यावर घरी येत होता. मोर्चातसुद्धा नव्हता. गोळी गुडघ्यात बसली. पाय वाचला, पण वाकेना. मागावर उभं राहणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे काय उरलं? आई दीड महिना रोज इस्पितळात डबा घेऊन जायची. शेवटी तो गावी निघाला तेव्हा भाऊच्या धक्क्यावर त्याला पोचवायलाही तीच गेली, सोबत मी. बोट सुटली तशी ती पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, "निवडणूक येवंदे गो चेडवा. मी मत घालूक जातलंय. कोण नको म्हणता ता बघतंय."

आईनं असं काही ठासून सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

आधीच्या निवडणुकीत आईला मत देता आलं नव्हतं. ते तिचं एकटीचं दुर्दैव नव्हतं. यादी करणारा माणूस दारात आला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या निम्म्या बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? मग त्यानं लिहून घेतलं, "शांताराम परब यांची बायको." पुढे कुठल्याशा कचेरीत अशी सगळी नावं गाळली गेली. चाळीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बाबांनाही नाही. ते म्हणाले होते, माझं आहे ना.

या खेपेला नावं घालायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं आणि मुलगी असल्यामुळे घराघरांत आतपर्यंत जाता येत होतं. मला स्वतःला मत नव्हतं, एकवीस पुरी व्हायला चार वर्षं होती. पण मी असा उत्साह दाखवला की जणू निवडणुकीला मीच उभी आहे. भोईवाड्याच्या बाजूला एक चाळ होती, तिथे नुकतीच बौद्ध झालेली बरीच कुटुंबं राहत. तिथे माझं काम तासाभरात झालं. बायका दारातच उभ्या राहून नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय घडाघडा सांगत होत्या. एकीनं तर माझ्या वहीत वाकून पाहिलं आणि "रुक्मिणीतला णी दीर्घ काढ" असं बजावलं. मी आमच्या चाळीतली अडचण सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "तुमच्याकडच्या बायांना नावं नसतात काय गं?" मला राग आला. आपल्या चळवळीच्या चाळीला कुणी असं बोलावं! पण परत येऊन दारोदार फिरले तेव्हा राग जिरला. दोन-दोन खेपा घालाव्या लागल्या. एका काकूंनी नाव सांगण्याऐवजी माझ्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं.

सगळ्यांत शेवटी मी आईसमोर बसले. ती नारळ खवत होती.

"नाव सांग."

"तुका म्हायत नाय?"

"तुझ्या तोंडून हवं."

"माहेरचा की सासरचा?"

मला माहेरचं माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "चंद्रभागा. पण ता आता कोण वळखतलो? सरस्वती लिही. सरस्वती शांताराम परब." मी लिहिलं. ती उठून आली, हात पुसले आणि लिहिलेल्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

शेजारच्या घरात राहायचे ते रेगे. फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क, घरात ते आणि रेगेकाकू दोघंच. त्यांचं म्हणणं असं की मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी, पण त्यासाठी मी माझा पक्ष सोडणार नाही. ज्यांच्याबरोबर तुरुंगात गेलो त्यांच्याशी आत राहून भांडेन. आज हे मला समजू शकतं. तेव्हा समजायची तयारी नव्हती. चाळीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सणाला त्यांच्याकडे कुणी जायचं नाही, नळावर रेगेकाकूंची बादली मागे सरकवायची, संध्याकाळी काका घरी आले की पोरांनी दारासमोर डबे बडवत घोषणा द्यायच्या. या डबे बडवणाऱ्यांत एकदोन वेळा मीही होते. ज्या रेगेकाकांनी मला मॅट्रिकचं इंग्रजी एक पैसा न घेता शिकवलं, त्यांच्या दारासमोर मी डबा बडवला, हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. एकदा आई बाहेर आली आणि तिनं माझ्या हातातला डबा काढून घेतला. बाबा मात्र गॅलरीत उभे राहून हसत होते.

मतदानाच्या दिवशी फाल्गुनातलं ऊन सकाळपासूनच चढलं होतं. केंद्र जवळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतं. आमच्या विभागातल्या सगळ्या कार्यकर्त्यांचं जेवण आमच्याकडे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं? बाबांनी. आईला आदल्या संध्याकाळी कळलं. पन्नासेक माणसांच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा. ती फक्त एवढंच म्हणाली, "मगे मी मत घालूक कधी जाव?"

"दुपारी मी स्वतः तुला नेतो," बाबा म्हणाले. "पहिला मान कार्यकर्त्यांचा."

सकाळी आठच्या ठोक्याला रेगे इस्त्रीचं धोतर नेसून निघाले, मागून रेगेकाकू नवं लुगडं नेसून. गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली. दोघांनी वळूनही पाहिलं नाही. चाळीतलं पहिलं मत त्यांचं पडलं. रेगे मग तिथेच थांबले, त्यांच्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून त्यांना केंद्रात बसायचं होतं.

मी बायकांच्या चिठ्ठ्या एका कापडी पिशवीत घातल्या होत्या. प्रत्येकीच्या नावाची, यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी. पाच-सहा जणींना घेऊन जायचं, रांगेत उभं करायचं, परत यायचं, पुढच्या घेऊन जायचं. कुणाचं मूल रडत होतं, कुणाची सासू सोडत नव्हती, एकीला ऐन वेळी भीती वाटली की आत कोंडून घालतील. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर चित्र. आत जायचं आणि आपल्या पेटीत कागद टाकायचा. बायका बाहेर यायच्या त्या बोटावरची शाई पाहत, एकमेकींना दाखवत, खिदळत. मला वाटलं, स्वराज्य ते हेच.

दर खेपेला मी घरात डोकवायचे. "आई, चल ना."

"ह्यो घाणो काढूंदे, मगे येतंय."

पुढच्या खेपेला, "आता दहा जण बसलेत गो. त्येंका उठूंदे."

त्याच्या पुढच्या खेपेला तिनं नुसती बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. घामानं चोळी पाठीला चिकटली होती, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज येत होते, "वहिनी, पुरी! वहिनी, भाजी!" महाराष्ट्राच्या नावानं घसा कोरडा करून आलेली माणसं जेवत होती. त्यांतल्या एकालाही वहिनींनी मत दिलं का, हे विचारावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांना हे ऐकवायचं धाडस झालं नाही.

बाराच्या सुमाराला बाबा घाईघाईनं मला जिन्यात भेटले. "किती चिठ्ठ्या राहिल्या?" मी पिशवी दाखवली. "आण इकडे. उरलेल्यांचं मी बघतो. तू खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना ने." मला वाटलं, बाबा आता आईला घेऊन जाणार. मी आनंदानं पिशवी देऊन टाकली.

साडेतीन वाजता घरी आले तर आई अजून चुलीपाशी. बाबांचा पत्ता नाही. दुसऱ्या विभागातले आणखी पंधरा लोक जेवायला येणार असा निरोप आला होता. मी रडकुंडीला आले. "पाचला दार बंद होतं, आई!" माझा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा. दारात रेगेकाकू येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या आमच्या उंबऱ्यात आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सरस्वतीबाई, उठा तुम्ही. पुऱ्या मी लाटते."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "काकू, हे लोक तुमच्या दारासमोर..."

"मला माहीत आहे कोण लोक ते. तुम्ही जा आधी. तेल कुठे आहे?"

आईनं तोंड धुतलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, कपाळावर कुंकू नीट केलं. आम्ही जवळजवळ धावतच निघालो. वाटेत ती मला दोनदा विचारून घेत होती, कागद कुठल्या बाजूनं घडी करायचा, आत गेल्यावर कुणाशी बोलायचं का. शाळेपाशी रांग फारशी उरली नव्हती. चिठ्ठी जवळ नव्हती, पण मला तिचा क्रमांक तोंडपाठ होता. मुलींना आत सोडत नव्हते, म्हणून मी दाराच्या गजापाशी थांबले. तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

टेबलामागच्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. मग वर पाहिलं. "सरस्वती शांताराम परब? बाई, हे मत झालंय."

"काय झाला?"

"तुमच्या नावावर मत पडलंय. दुपारीच."

आईनं दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. पिठाचे कण होते, शाई नव्हती. "बघा. मी आत्ता इलंय."

केंद्रावरचे मुख्य अधिकारी उठून आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं, "बाई, तुम्ही लिहून दिलंत की तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत दिलं, तर तुम्हाला वेगळा कागद देता येईल. तशी सोय आहे."

"तो कागद पेटीत पडतलो?"

"नाही. तो पाकिटात बंद राहतो. मोजत नाहीत. पण नोंद राहते."

बाजूच्या बाकावर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. आमच्या बाजूचा माणूस एकदम खिडकीबाहेर पाहायला लागला. सकाळपासून तो आमच्या घरी दोनदा जेवून गेला होता, आईला चांगला ओळखत होता. दुपारी तिच्या नावानं दुसरी बाई आली तेव्हा तो याच बाकावर होता. रेगेकाका त्या वेळी जेवायला घरी गेलेले. पिशवी, चिठ्ठ्या, बाबा, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं.

रेगेकाका हळूच म्हणाले, "वहिनी, तक्रार करा. तुमचा हक्क आहे. साक्षीला मी आहे."

त्यांच्या आवाजात कावा नव्हता असं मला आजही वाटतं. पण तक्रार झाली असती तर चौकशी झाली असती, बाबांचं नाव निघालं असतं. आईला किती कळलं होतं कोण जाणे. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावर तिला सगळं दिसलं असणार. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "जो कागद पेटीत पडना नाय, तो घेऊन काय करू? ऱ्हवांदे."

घरी पोचलो तर बाहेरच्या खोलीत माझी आत्या, बाबांची बहीण, चहा पीत बसलेली. ती लालबागला राहायची. तिचं नाव तिकडच्या यादीतून गळलं होतं. आईला पाहताच तिनं बोट उंच केलं. काळी शाई ठसठशीत. "वहिनी, काळजी करू नको गो. तुझ्या नावार मत घालून इलंय. बरोब्बर आपल्याच पेटीत!" तिच्या तोंडावर निर्मळ आनंद होता. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

आत रेगेकाकू अजून पुऱ्या लाटत होत्या. आईनं त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं, त्यांना वाकून नमस्कार केला आणि खाली बसली. थोड्या वेळानं बाबा आले, घाम पुसत, खूश.

मीच म्हणाले, "बाबा, तुम्ही आईची चिठ्ठी आत्याला दिलीत?"

"मगे काय करू? दुपार झाली, हिचं आटपलं नाही. मत फुकट जाऊ द्यायचं? एकेक मत मोलाचं आहे."

"तिला जायचं होतं."

"अगं, पडलं ना मत? आपल्याच पेटीत पडलं ना?"

आतून आई म्हणाली, "पडला. पण माझा नाय पडला."

बाबांना ते कळलंच नाही. ते खरोखरच गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी फसवलं असतं, लपवलं असतं, तर मला भांडता आलं असतं. ज्याला आपलं काही चुकलंय हेच दिसत नाही, त्याच्याशी भांडून काय होतं? मी भांडलेच, घसा बसेपर्यंत भांडले. ते शेवटी म्हणाले, "एवढ्या मोठ्या लढ्यात तू पोळपाटाचं रडगाणं काय लावलंस?" आणि निकालाची चर्चा करायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी नळावर बायका बोटं दाखवत होत्या. कुणीतरी आईला विचारलं, "तुमची शाई कुठाय हो?" आई म्हणाली, "भांडी घासताना गेली." सगळ्या आपापल्या बादल्यांकडे वळल्या. ती शाई आठ दिवस जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचा उमेदवार निवडून आला. गुलाल उधळला, बाबांना खांद्यावर घेतलं, चाळीतल्या एकूण एक बायकांनी मत दिलं म्हणून सभेत आमच्या चाळीचं नाव घेतलं गेलं. टाळ्या पडल्या तेव्हा मी सभेतून उठून आले. पुढे मुंबईही मिळाली. त्या रात्री सगळ्या गिरणगावानं दिवे लावले, आईनंही लावले. ती त्या विजयावर रुसली नव्हती. मी मात्र रुसले होते, आणि खरं म्हणजे अजून आहे.

आता मी शिवाजी पार्काजवळ मुलाकडे राहते. मतदानाला सुट्टी मिळाली की आमच्या इमारतीतली निम्मी माणसं आदल्या दिवशीच गाड्या काढून लोणावळ्याला जातात. लिफ्टमध्ये मी त्यांना टोचून बोलते. "आजी, एका मतानं काय होतं?" असं ते हसत विचारतात. मला त्यांना सांगता येत नाही. बाबांना तरी कुठे सांगता आलं?

मुंबई मिळाल्यानंतरच्या निवडणुकीला आईनं आठ दिवस आधी खानावळीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं की मतदानाच्या दिवशी आमच्याकडे चूल पेटणार नाही. बाबांनी आरडाओरडा केला, कार्यकर्त्यांचं काय, लोक काय म्हणतील. चिठ्ठी तिनं माझ्याकडून आदल्या दिवशीच मागून घेतली आणि चोळीत खोचली. सकाळी उठून पाहतो तर ती घरात नाही. शाळेचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर जाऊन बसली होती, रेगेकाकूंना सोबत घेऊन. नऊच्या आत दोघी परत आल्या.

बाबा दारातच उभे होते. "आपल्याच माणसाला दिलंस ना?"

आईनं चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हणाली, "तुमका कित्याक सांगूक होया?"

बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. आणि आई त्यानंतर म्हातारपणी डोळे जाईपर्यंत प्रत्येक निवडणुकीला गेली, पण कुणाला मत दिलं ते तिनं कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "तू पण बापाशीचीच गो," आणि भाजी निवडायला बसली.